बुधवारचा सिनेमा, गुरुवारचं मत

गुरुवारी सकाळी आठ वाजता हिबिनोसान ‘सुझुरान’ कॉफीघराचं दार ढकलून आत आले की खिडकीजवळच्या टेबलावरच्या गप्पा थांबायच्या. निवा न्हावी टोस्टचा तुकडा हातात तसाच धरून बसायचा. भाजीवाल्या काचीबाई खुर्ची पुढे ओढायच्या. मालकीण चिझुरुसान भिंतीवर टांगलेल्या, गिऱ्हाइकांनी आगाऊ पैसे भरून घेतलेल्या कॉफीच्या तिकिटांच्या पुस्तिकांमधून ‘हिबिनो’ नावाची पुस्तिका काढून तिचं एक तिकीट फाडायची आणि न विचारता कॉफी आणून ठेवायची. हिबिनोसान कॉफीवर तीनदा फुंकर मारायचे, उकडलेलं अंडं टेबलाच्या कडेवर टिचकवायचे आणि मगच तोंड उघडायचे.

आमचं गाव टाइल्सच्या भट्ट्यांचं. एक थेटर होतं ते कधीच बंद पडलं, आता तिथं औषधांचं दुकान आहे. सिनेमा बघायचा तर बसने पाऊण तास शहरात जायचं. जाणारे जातात, आणि आल्यावर मतंही देतात, पण ती कसली मतं! काचीबाईंना हिरोच्या तोंडापलीकडे काही दिसत नाही. “मुलगा गोड आहे हो, पण कान केवढे,” एवढ्यावर त्यांचं परीक्षण संपायचं. निवाचा प्रश्न नेहमी एकच.

“शेवटी कुत्रा मरतो का, तेवढं सांगा. मरत असेल तर मी जात नाही.”

“त्यात कुत्राच नाहीये, निवासान.”

“मग तर नाहीच जात.”

हिबिनोसानांचं तसं नव्हतं. ते म्हणायचे, “त्या सिनेमात बाप जेवताना कधी दिसतो का? आठवून बघा. दोन तास तो नुसता वाढतोय. म्हणून शेवटी तो एकटा बसून भात खातो ना, तेव्हा आपल्या पोटात कालवतं.” एकदा एका गाजलेल्या तलवारबाजीच्या सिनेमाबद्दल म्हणाले, “तीन दिवस बर्फातून चालून आला म्हणे, आणि पायातल्या गवती चपलांचे बंद कोरे करकरीत. तिथंच मी त्याचा नाद सोडला.” असं काही ऐकलं की निवा मान हलवत म्हणायचा, “आम्ही आपले डोळे फोडून बघतो, आणि हे खरं बघतात.” गावात लोक त्यांना मागून ‘सिनेमाचे गुरुजी’ म्हणत. त्यांच्या कानावर ते आलं होतं, आणि गोडही लागलं होतं.

आता खरं काय ते सांगून टाकू. नऊ वर्षांत हिबिनोसानांनी एकही सिनेमा धड बघितला नव्हता. अडतीस वर्षं भट्टीवर रातपाळी केलेला माणूस. अंधार झाला आणि पाठीला मऊ खुर्ची लागली की दहाव्या मिनिटाला त्यांची मान पडायची. सिनेमाची हौस होती ती त्यांच्या बायकोची, किनुएची. लग्नाआधी ती आठवड्याला दोन-दोन सिनेमे बघायची. लग्नानंतर भट्टीच्या पाळ्या, सासूचं आजारपण, मुलीची शाळा यांत ते सुटलं ते सुटलंच. हिबिनोसान निवृत्त झाले तेव्हा तिनं एकच मागणं मागितलं, दर बुधवारी सिनेमाला जायचं. ते हो म्हणाले. म्हणजे तिला घेऊन गेले आणि शेजारी बसून झोपले. फार घोरायला लागले की ती कोपरानं हळूच ढोसायची.

पहिल्या बुधवारी परतीच्या बसमध्ये त्यांची पंचाईत झाली. झोपलो होतो म्हणायची लाज वाटली. म्हणून त्यांनी शाळामास्तरासारखा आव आणला. “बरं, तुला काय कळलं ते सांग बघू.” किनुएनं मांडीवरच्या पिशवीचे बंद बोटांना गुंडाळत सांगायला सुरुवात केली, ती थेट गावचा थांबा येईपर्यंत. कोण कसा बसला होता, कोणी कुणाकडे बघितलं नाही, कोणत्या बाईनं मुळा तिघांसाठी चिरला आणि मग एकाचा वाटा उचलून बाजूला ठेवला. हिबिनोसान मध्येमध्ये “हं” म्हणत होते. दुसऱ्या दिवशी कॉफीघरात निवानं सहज विचारलं आणि यांच्या तोंडून मुळ्याची गोष्ट बाहेर पडली. सगळे चाट पडले. त्या दिवसापासून बुधवारी बसमध्ये ऐकायचं आणि गुरुवारी आपलं म्हणून सांगायचं, हा शिरस्ता पडला. त्यात त्यांना कधी चोरी वाटली नाही. घरातलंच तर होतं.

एकदाच काय ते अंगाशी आलं असतं. तीन वर्षांपूर्वी नवीन वर्षाच्या आठवड्यात किनुए त्यांच्याबरोबर कॉफीघरात आली होती. कोणीतरी दोन बहिणींच्या सिनेमाचा विषय काढला आणि ती खुर्चीच्या टोकाशी बसल्या-बसल्या म्हणाली, “त्यातली धाकटी आहे ना, ती खोटं बोलताना दर वेळी...”

हेच वाक्य आज हिबिनोसान आपलं म्हणून सांगणार होते. त्यांनी घाईघाईनं हात उडवला. “अहो, हिचं काय ऐकता? ही निम्मा सिनेमा झोपलेली असते. मला घरी जाऊन सगळी गोष्ट सांगावी लागते.”

सगळे हसले. कोणाला काही वावगं वाटलं नाही. चारचौघांत आपल्या माणसाला कमी लेखायचं, ही आमच्याकडची रीतच आहे. आपली बायको मठ्ठ, आपला पोरगा आळशी, आपल्या घरचा चहा पाणचट, असंच बोलायचं असतं, आणि समोरच्यानं “छे छे” म्हणायचं असतं. निवा लगेच “छे छे” म्हणालाही. किनुए तोंडावर हात धरून हसली. धाकटी बहीण खोटं बोलताना काय करते ते काही कोणाला कळलं नाही. त्या दिवसानंतर ती हिबिनोसानांबरोबर कॉफीघरात पुन्हा आली नाही. ते दर गुरुवारी “येतेस का?” विचारायचे आणि ती “कपडे वाळत घालायचेत” म्हणायची. त्यांनीही आग्रह केला नाही. खरं तर त्यांना बरंच वाटायचं.

यंदा पानं लाल व्हायच्या सुमारास किनुए गेली. सकाळी अंगण झाडता झाडता बसली ती उठली नाही.

घरात पांढऱ्या कापडाच्या मांडणीवर अस्थींचा कलश आला, फोटो आला, वाटीभर भात आणि उदबत्ती आली. मुलगी सानाए आठवडाभर राहून नागोयाला परतली. मग हिबिनोसान त्या फोटोसमोर एकटे बसायला लागले आणि तेव्हा त्यांना सुचेना, बोलायचं काय. नऊ वर्षं तीच बोलत होती. गुरुवार आले तसे गेले. टेबलावरचे लोक समजून होते, कोणी सिनेमाचा विषय काढत नव्हतं.

पण आतून त्यांना एक गोष्ट खायला लागली. एकोणपन्नास दिवस माणूस घरातच असतं आणि मग पुढच्या वाटेला लागतं, असं आमच्याकडे मानतात. म्हणजे ती अजून होती. ऐकत होती. ती जाण्याआधी गावानं एकदा तरी म्हणावं की हिबिनोंची बायको काय बघायची, काय बोलायची! तिचं होतं ते तिच्या नावावर व्हायला हवं. आपण एवढं केलं नाही तर ती कायमची झोपाळू ठरून जाईल.

चौतिसाव्या दिवशी, गुरुवार गाठून, त्यांनी कॉफीवर फुंकरही न मारता सांगून टाकलं. “एक सांगायचंय. सिनेमाबद्दल मी जे बोलायचो ना, ते माझं नव्हतं. सगळं किनुएचं. झोपायचो तो मी. ती मला बसमध्ये सांगायची.”

काचीबाईंनी रुमाल काढला. निवानं कप खाली ठेवला, त्याचे डोळे भरून आले होते.

“हिबिनोसान,” तो म्हणाला, “बायकोला इतकं मोठेपण द्यायला जिगर लागते. आमच्या घरात मी मेलो तर माझी बायको म्हणेल, बरं झालं, तेवढे टॉवेल कमी धुवायचे.”

“मोठेपणा नाही हो. खरंच सांगतोय.”

“तेच तर! खरा मोठा माणूस असाच बोलतो,” काचीबाई नाक पुसत म्हणाल्या. “आमच्या ह्यांनी नाही कधी म्हटलं.”

“मी झोपायचो, काचीसान. घोरायचो.”

“छे छे,” निवा म्हणाला.

त्या ‘छे छे’पुढे काय करणार? आयुष्यभर जो सगळ्यांसारखं आपलं ते कमी लेखून शोभा मिळवत आला, त्यानं एकदा आपलं खरं कमीपण सांगितलं तर तेही शोभेतच जमा झालं. आठवड्याभरात गावभर झालं की सिनेमाच्या गुरुजींनी आपली सगळी अक्कल बायकोच्या नावानं वाहिली. चपलांच्या दुकानदारानं रस्त्यात थांबून त्यांना वाकून नमस्कार केला. हिबिनोसानांना कधी नव्हे इतका मान मिळाला, आणि किनुएला काहीच मिळालं नाही.

मग त्यांनी दुसरा उपाय काढला. आपण स्वतः सिनेमा बघायचा, डोळे उघडे ठेवून, आणि आपलं अस्सल मत सांगायचं. ते ऐकल्यावर कोणीही ओळखेल की आधीचं ह्या डोक्यातलं नव्हतं. सोक्षमोक्ष लागेल. सत्तेचाळिसाव्या दिवशी, बुधवारी, ते एकटेच बसने शहरात गेले. तिकीट खिडकीवर सवयीनं “दोन” म्हणाले आणि मग “एक” म्हणाले. झोप येऊ नये म्हणून तोंडात उमेचं खारवलेलं आंबट फळ धरलं, मांडीला चिमटे काढले. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सिनेमा पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत बघितला. बंदरावर खानावळ चालवणाऱ्या एका बाईची गोष्ट होती. परतीच्या बसमध्ये शेजारची जागा रिकामी होती. त्यांनी तिच्यावर पिशवी ठेवली, मग उचलून मांडीवर घेतली.

गुरुवारी त्यांनी स्वतःच विषय काढला. “काल सिनेमाला गेलो होतो. पूर्ण जागा होतो.”

खुर्च्या पुढे सरकल्या. चिझुरुसान टेबल पुसायचं थांबली.

“चांगला आहे,” हिबिनोसान म्हणाले. “समुद्र छान दाखवलाय. बाईनं कामही चांगलं केलंय. जरा लांबलाय.”

सगळे पुढचं ऐकायला थांबले. पुढचं काही नव्हतं. हिबिनोसान जवळजवळ आनंदानं सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होते. “बघितलंत? माझं मत हे असं असतं. कळलं आता?”

निवानं हळूच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “कळतं हो. बायको गेल्यावर कुठं लक्ष लागतंय? माझा बापही असाच झाला होता. येईल, हळूहळू पूर्वीसारखं येईल.”

हिबिनोसानांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “अरे, पूर्वीचं माझं नव्हतंच! किती वेळा सांगू? ती जागी असायची, मी झोपायचो!”

तेव्हा चिझुरुसान फडकं हातात घेऊनच जवळ आली. बिचारीला त्यांची समजूतच घालायची होती.

“असं नका म्हणू, हिबिनोसान. किनुएसान स्वतः मला सांगून गेल्या आहेत. गेल्या वर्षी तुम्ही चष्मा विसरला होतात ना, तो न्यायला त्या आल्या होत्या, दुपारी. मी म्हटलं, तुमच्या मिस्टरांची मतं ऐकायला लोक गुरुवारची वाट बघतात. काय काय बोलतात, ते मुळ्याचं, ते चपलांच्या बंदांचं, सगळं सांगितलं त्यांना. त्या अगदी शेवटपर्यंत ऐकत होत्या.”

“मग?” हिबिनोसानांनी विचारलं.

“मग म्हणाल्या, हो, मला कुठं काय कळतंय? मी आपली झोपते. बसमध्ये हेच मला सगळी गोष्ट समजावून सांगतात.” चिझुरुसान हसली. “मी कॉफी घ्या म्हटलं तर थांबल्या नाहीत. कपडे वाळत घातलेत म्हणाल्या. त्यांनी इतकं अभिमानानं सांगितलंय, आणि तुम्ही उगाच स्वतःला त्रास करून घेताय.”

काचीबाई मान डोलवत होत्या. आता तर खुद्द किनुएची साक्ष झाली होती. हिबिनोसानांच्या मात्र आता लक्षात आलं. तिला सगळं ठाऊक होतं. गेलं वर्षभर ती दर बुधवारी बसमध्ये बसून सांगत होती, ते गुरुवारी कुठं जाणार आहे हे माहीत असून सांगत होती, आणि एक शब्दही कमी करत नव्हती. चारचौघांत त्यांनी तिच्यावर ढकललेली झोप तिनं तशीच आपल्या अंगावर घेतली होती. आता ती काढून घेणं कोणाच्याच हातात राहिलं नव्हतं, त्यांच्याही नाही.

ते उठले. अंडं न सोललेलं तसंच राहिलं.

घरी सानाएचा फोन आला. उद्या एकोणपन्नासावा, ती सकाळच्या गाडीनं येईल, भटजी अकराला येतील, जेवणाची सोय तिनं सांगून ठेवली आहे. हिबिनोसान “बरं” म्हणाले. मग त्यांनी उदबत्ती लावली आणि पांढऱ्या मांडणीसमोर मांडी घालून बसले. दुपारचं ऊन तिच्या फोटोच्या काचेवर पडलं होतं. त्यांनी फोटो थोडा तिरका केला.

“काल मी जागा होतो,” ते म्हणाले. “सांगतो. ऐक.”

आणि त्यांनी पहिल्या प्रसंगापासून सुरुवात केली. बंदर कसं होतं, खानावळीची पायरी कशी झिजली होती, ती बाई रोज संध्याकाळी दारात दोन जोड सपाता कशा मांडून ठेवायची. ते अडखळत सांगत होते, मागचं पुढे आणि पुढचं मागे होत होतं, आणि दुरुस्त करायला कोणी नव्हतं. असं करत ते शेवटच्या प्रसंगाला आले. ती बाई दारातला एक जोड उचलते, आत नेऊन ठेवते, आणि हसते. तिथं सिनेमा संपतो. बसमध्ये पाऊण तास त्यांनी त्यावर डोकं खपवलं होतं, पण त्यांना ते उलगडलं नव्हतं.

मग त्यांनी फोटोकडे बघत विचारलं, “ती का हसली गं?”