सर, अप्पा आणि चिमूटभर तपकीर

मेंदूचे शल्यविशारद डॉ. माधवराव यांची आणि माझी पहिली ओळख शस्त्रक्रियागृहातली. कान-नाक-घसा विभागात मी नुकतीच रुजू झाले होते. सरांनी दुर्बीण माझ्या हाती दिली आणि म्हणाले, "तुम्ही फक्त दाखवा, डॉक्टर. गाठ काढायचं आमच्याकडे." नाकातून शिरून मेंदूच्या तळाशी पोचायचं, तर दुर्बिणीचा हात थरथरून कसं चालेल? माझा थरथरला. सर रागावले नाहीत. "स्वल्प ताळ्री," जरा दम धरा, असं कानडीत म्हणत थांबले, माझ्या कोपराखाली चादरीची घडी सरकवली आणि काम पुढे सुरू केलं.

मेंदूजवळची गाठ म्हटली की डोकं फोडणार, असंच आपल्याकडे लोक धरून चालतात. कलघटगीच्या एक बाई चेहरा विद्रूप होईल या भीतीने पिशवी उचलून निघाल्या होत्या. सरांनी तपासणीला आलेल्या एका जुन्या रुग्णाला त्यांच्यासमोर बसवलं. म्हणाले, "यांच्या चेहऱ्यावर वण शोधा. सापडला तर खुशाल घरी जा." बाई राहिल्या, बऱ्या झाल्या.

आता जे लिहायला हात धजत नाही ते लिहिते. सरांच्या साठीच्या ग्रंथात ते यावं, हा अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हट्ट आहे.

अप्पांचं हुबळीच्या पेठेत कापडाचं दुकान. गल्ल्यावर बसल्या बसल्या त्यांना कडेचं गिऱ्हाईक दिसेनासं झालं. डोळ्यांच्या नसांवर गाठ दाबत होती. सरांनी ती नाकावाटे काढली, मांडीतला पातळ पडदा लावून आतलं भोक बुजवलं. नजर परत आली. घरी सोडताना सरांनी बजावलं, नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवायचं. मी मुलगी, त्यात नाकाचीच डॉक्टर. केशवापूरच्या घरात पहारा माझाच होता.

तरी एका सकाळी अप्पा चप्पल घालायला वाकले आणि नाकातून पाणी टपकलं. सर्दीचं नव्हे, मेंदूभोवतीचं. आत जंतू गेले तर मेंदूज्वर, म्हणजे जिवाशी गाठ. मी त्यांना तशीच सरांकडे घेऊन गेले. दुर्बीण मीच धरली. दुर्बिणीच्या टीव्हीवर दुरुस्तीच्या जागेभोवती तपकिरी कण चिकटलेले दिसले. तपकीर! विभागातले सगळे शिकाऊ डॉक्टर पाहत होते. नजर सरांनीच परत मिळवून दिलेली, त्यामुळे अप्पांनाही ते लख्ख दिसलं.

अशा वेळी मराठीत नाक कापलं गेलं म्हणतात. आमच्या विभागात तेही म्हणायची सोय नाही. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. अप्पा पुटपुटले, "सवय हो, डॉक्टरसाहेब. चिमूटभरच ओढली."

सरांनी मला दुर्बीण बाहेर काढायला खुणावलं. मग शिकाऊ डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "चूक माझी आहे. मी शिंकेचं सांगितलं, तपकीर ओढता का ते विचारलं नाही."

"मला चार शिव्या द्या," अप्पा रडत म्हणाले, "पण असं बोलू नका."

"काळजी माडब्याड्री, अप्पा," काळजी करू नका, असं सर म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दुरुस्ती केली. ती टिकली. तेव्हापासून सर प्रत्येक रुग्णाला आधी तपकिरीचं विचारतात. कुणी कारण विचारलं तर 'एका रुग्णाने शिकवलं' म्हणतात. नाव त्यांनी आजवर घेतलेलं नाही. मला मात्र तो प्रश्न कानावर पडला की आजही मान वर करवत नाही.

अप्पांची अवस्था माझ्याहून वाईट. तपकिरीची डबी गेली, पण लाज गेली नाही. सर परगावी गेले असतील तेव्हाच ते तपासणीला येतात. नवनगरच्या घरी सरांनी दोनदा जेवायला बोलावलं, दोन्ही वेळा अप्पांचं पोट बिघडलं. परवा सत्काराची पत्रिका दिली तर म्हणाले, "तू जा. मला अजून तोंड दाखवायचा धीर होत नाही."

सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. सगळेच हे मागतील, पण माझ्या मागण्यात स्वार्थ आहे. अप्पांना सरांसमोर येऊन उभं राहायला अजून बराच वेळ लागणार आहे. तोवर सरांनी असायला हवं.