जाईचा पाला आणि उन्हाची तिरीप

परवा दाताच्या डॉक्टरांनी तोंडातल्या जखमेवर लेसरच्या लाल उजेडाची बारीक दांडी धरली आणि मला माकणी गावातलं ते दुष्काळी साल आठवलं. शिक्षिका म्हणून मी नुकतीच तिथं गेले होते. भाड्याची एक खोली, ओळखीचं कुणी नाही. दिवसभरात बोलणं व्हायचं ते फक्त वर्गातल्या मुलांशी. रेशनवर मिळणाऱ्या मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरी खाऊन माझं तोंड आलं, जीभ सोलवटली आणि तेही बोलणं बंद झालं. रजा टाकून खोलीत पडून राहिले. एका सकाळी शेजारच्या मावशी दारात आल्या. "बाई, तुमचा आवाजच न्हाय की!" मी बोटानं तोंड दाखवलं. भांडी विसळलेल्या पाण्यावर त्यांनी दारातली जाई जगवली होती. तिचा पाला मला चावायला दिला. तो कडवट रस थुंकल्यावर मला उन्हात बसवलं, एका हातानं हनुवटी धरली आणि दुसऱ्या हातातल्या आरशानं उन्हाची तिरीप जखमेवर पाडली. "ऊन लागलं की लवकर सुकतंय." घर सोडल्यापासून मला कुणाचा हात लागला नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "लई झोंबतंय व्हय?" त्यांनी विचारलं. मी होकाराची मान हलवली. पुढच्या आठवड्यात बोलता येऊ लागलं, तेव्हा त्यांच्या दाराला कुलूप होतं. मुलाला सोलापुरात काम मिळालं म्हणून सगळे घाईनं निघून गेले होते. झोंबत नव्हतं, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं. आता या वयात पुन्हा एकटी राहते, तेव्हा ते कुणाला तरी सांगावंसं वाटतं.