आत राहिलेली नऊ माणसं

चंदना भोये जव्हारच्या एका सरकारी कचेरीत कंत्राटी ऑपरेटर होती. ही २००७ सालची गोष्ट. कचेरीत कामाचा संगणक एकच आणि वापरणारे नऊ जण, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. पाच मिनिटं कुणी हात लावला नाही की स्क्रीनला आपोआप कुलूप लागायचं. त्याची कुणाची तक्रार नव्हती. पण ते उघडायला पासवर्डचा चौकोन लवकर यायचाच नाही, तीन-चार मिनिटं नुसता निळा पडदा.

चंदनाकडे मुलांच्या वजनाच्या नोंदी होत्या. एकदा वावर गावची अंगणवाडी सेविका तानी वही घेऊन आली. एका मुलीचं वजन मागच्या महिन्यापेक्षा घटलं होतं. तानी तिच्या घरचं सांगत बसली, चंदना ऐकत राहिली, आणि स्क्रीनला कुलूप लागलं. असं त्या दुपारी चारदा झालं. तानीची परतीची जीप चुकली. साहेबांनी मात्र चंदनालाच विचारलं, तुमचा हात इतका हळू का चालतो म्हणून.

तिने जिल्ह्याच्या कचेरीला फोन केला. मशीन जुनं झालंय, म्हणाले. मग ती घड्याळ बघून वेळा टिपू लागली. आठवड्याच्या शेवटी चौकोन जास्तच रखडायचा. एकदा वीज जाऊन मशीन पुन्हा सुरू झालं, तर चौकोन लगेच आला. म्हणजे मशीन जुनं म्हणून नव्हे, आत काहीतरी साचत होतं. मशीनमध्ये कोण कोण आत आहे, त्याची यादी तिने उघडली. नऊच्या नऊ जण आत होते. काम झालं की सगळे नुसतं कुलूप लावून उठायचे, लॉग-ऑफ करून बाहेर कुणी पडतच नव्हतं. चार दिवस रजेवर असलेल्या नीलेशच्या फायलीही आत उघड्याच होत्या.

उठताना बाहेर पडत जा, असं तिने प्रत्येकाला विनवलं. दोन दिवस ऐकलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग ती आपल्या गावाहून, दाभोशाहून, पहिल्या जीपने यायची आणि कुणी यायच्या आत मशीन बंद करून सुरू करायची. त्यात एकदा मोठे कारकून गौतम भाऊसाहेब यांचं सेव्ह न केलेलं पत्र गेलं. त्यांनी सगळ्यांसमोर बोल लावला.  त्यानंतर रोज संध्याकाळी प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन फायली सेव्ह केल्या का, ते विचारायचं तिचं काम वाढलं.

श्रावणात ती तापाने तीन दिवस घरी होती. तिसऱ्या दिवशी भाऊसाहेबांचा फोन आला.

"चौकोन येईना झालाय. तू सकाळी नक्की काय करायचीस गं?"

तिने सांगितलं.

"रोज? एवढ्यासाठी लवकर यायचीस?"

"हो, भाऊसाहेब."

 मग ते म्हणाले, उद्यापासून मी बघतो, तू बरी होऊन ये.

चंदनाने फोन उशाशी ठेवला आणि कूस बदलली.