पोटुशी दगड

"मॅडम, दगड पोटुशी निघाला."

आमच्या भूशास्त्राच्या लॅबच्या दारात चपला काढून परशुराम अण्णांनी रुमालात बांधलेला तुकडा माझ्या टेबलावर ठेवला. अण्णा अळणावरजवळच्या एका खेड्यातले मूर्तिकार. गावदेवीची नवी मूर्ती घडवत होते. दगड काळा बेसॉल्ट, बेळगावकडून आणलेला. वरचा थर काढल्यावर आत नारळाएवढा फिकट गोल डाग दिसला. अशा दगडाला हे लोक पोटुशी म्हणतात आणि त्याची मूर्ती करत नाहीत. त्याच्या पोटात पाणी असतं, बेडूक असतो, छिन्नी लागली की दगड दुभंगतो, असा समज.

"मग दुसरा दगड घ्या की," मी म्हटलं.

"दुसरा आता होत नाही री. डॉक्टर म्हणाले, धूळ बंद. ही मूर्ती शेवटची. ही बी अर्धी राहिली तर..." पुढचं त्यांनी खोकल्यात घालवलं.

बेडूक सोडला तर हा समज अगदीच खुळा नाही. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात. ती पोकळी पुढे पांढऱ्या खनिजांनी भरते, कधी आत पाणीही सापडतं. तिथे दगड खरोखर फुटतो. म्हणून आम्ही डागाच्या काठच्या त्या तुकड्याचा थिन सेक्शन केला. म्हणजे दगडाची चकती काचेच्या पट्टीवर चिकटवून इतकी पातळ घासायची की तिच्यातून उजेड पलीकडे जावा.

मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि मी आमच्या विभागप्रमुख साहेबांना हाकच मारली. पोकळी नव्हतीच. डाग म्हणजे मॅग्माच होता, म्हणजे जमिनीखालचा लाव्हा, पण आधीचा. जमिनीखाली तो सावकाश निवत पडलेला. पाक हळू निवला की खडीसाखर मोठी होते, तसे त्यात पांढरे स्फटिक चांगले वाढले होते. मग खालून नवा, जास्त तापलेला मॅग्मा आला आणि या जुन्या गोळ्याला घेऊन वर निघाला. जुन्या स्फटिकांच्या कडा त्या उष्णतेनं विरघळल्या आणि निवताना त्यांच्यावर नवा थर चढला. काही स्फटिक तर अर्धे डागात, अर्धे बाहेरच्या काळ्या दगडात. शिवण अशी कुठे नव्हतीच, म्हणजे दगड तिथे फुटायची भीती नव्हती. मॅग्मा मिक्सिंग, म्हणजे दोन मॅग्मांची ही सरमिसळ, मी वर्षानुवर्षं शिकवली, पण इतकी स्वच्छ कधी पाहिली नव्हती.

साहेब म्हणाले, "स्ट्रेंथचं लिहून द्या. देवधर्मात पडू नका."

"सर, नुसत्या कागदावर गाव ऐकणार नाही."

"मग जा. पण भाषण देऊ नका."

देवळासमोर कमिटी बसली होती. मी फोनवर फोटो दाखवले. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कुणालाही पटलं नाही. एक जण म्हणाला, "फुटणार नाही, खरं आहे. पण पोटुशी ती पोटुशीच की हो." अण्णा खाली मान घालून बसले.

तेवढ्यात पुजारीण गंगाक्का म्हणाली, "परशा, डाग कुठं येतोय?"

"पोटावर, अक्का."

"दगड फिरवला तर?"

अण्णांनी मान वर केली. उठून दगडाभोवती एक फेरी मारली, कोळशानं दोन रेघा ओढल्या. "कडेवर येतोय," ते म्हणाले. "लेकरू होतंय बघा."

"मग आमची आई लेकुरवाळी," गंगाक्का म्हणाली. "आयतु, झालं तर मग. करा सुरू."

सगळं ठरलं ते असं. माझ्या रिपोर्टाची घडी खिशातच राहिली.

मूर्तीच्या प्राणप्रतिष्ठेला अण्णांनी आग्रहानं बोलावलं. देवी काळीभोर, कडेवरचं लेकरू तेवढं फिकट. त्याच्या गालावर ते पांढरे स्फटिक तांदळासारखे दिसत होते. ज्याच्यासाठी मी आयुष्यभर काचेच्या बोटभर पट्ट्या धुंडाळल्या, ते अण्णांनी घासून, उजळून गावापुढे उभं केलं होतं. डोळे भरून आले. त्यांचे उपकार कसे मानावेत ते कळेना, म्हणून नुसतीच त्यांच्याशेजारी उभी राहिले.

इतक्या वर्षांच्या नोकरीतून शिकले ते एवढंच: दगड टिकेल की नाही हे आम्ही सांगावं, तो कुठे बसेल हे गावाला विचारावं. नमस्काराला वाकले तेव्हा सवयीनं नजर आधी आईच्या हाताखाली, काळा आणि फिकट दगड जुळतो तिथे गेली. चीर नव्हती.

"बघितलं काय?" अण्णांनी हळूच विचारलं.

"बघितलं," मी म्हटलं, आणि मग हात जोडले.