साहेब, तेवढी पोच द्या

सोमवारी सकाळी साडेदहाला एका सरकारी कचेरीत दाखल्याच्या खिडकीसमोर आम्ही बावीस जण होतो. तेविसाव्या बाईंचं तिथं काही काम नव्हतं. त्या भिंतीला टेकून वहीत रेघा ओढत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "पुण्यात कायदा शिकवते. सरकारी नियम माणसाच्या हाती लागतो का, ते मोजत फिरते. मागच्या आठवड्यात शिरूरकडे होते."

माझ्यापुढे राहू गावचे एक मामा होते. मुलीच्या कॉलेज प्रवेशाला नऊ दिवस उरले होते, उत्पन्नाचा दाखला नव्हता, आणि आधी दिलेला अर्ज सापडत नव्हता.

"पोच घेतली होती का?" बाईंनी विचारलं.

"न्हाई वो. पोच मागितली तर साहेबास्नी वाटंल, ह्याचा आपल्यावर इस्वास न्हाई."

"मामा, विश्वासावर तारीख नसते. मुदत पोचेच्या तारखेपासून मोजतात. पोचच नसेल, तर उशीर झाला म्हणून भांडणार कसे?"

मामांनी टोपी नीट केली. खिडकीत नवा अर्ज सरकवला, पण ते हलले नाहीत. "साहेब, तेवढी पोच द्या."

कारकुनानं वर पाहिलं आणि शिक्का मारला. मामांनी पोच मला वाचायला दिली. दाखला शुक्रवारी मिळेल, असं तीवर लिहिलं होतं. मी ते मोठ्यानं वाचलं.

अर्ज देऊन पोच न घेताच दाराबाहेर पडलेली माणसं ती मागायला पुन्हा खिडकीकडे वळली. मी मोजली, अकरा होती. बाईंनी माझा दंडच धरला. "बघा, बघा! पंधरा वर्षं वर्गात हेच शिकवतेय, आज पहिल्यांदा पाहतेय."