म्हातारीचा पहारा

आमच्या हिंगोली जिल्ह्यापासून समुद्र सहाशे-एक किलोमीटर लांब. याचा मोठा फायदा असा, की आम्ही समुद्रावरचं काहीही सांगावं, तपासायला कोण जाणार? वारंगा फाट्यावर गफारचं हॉटेल आहे. तिथल्या बाकड्यावर बसून मी आणि गफारनं इतक्या वर्षांत असे काही देवमासे सोडलेत, की ट्रकवाल्यांचे चहा थंड झालेत! एक किस्सा संपेपर्यंत दुसरा दारात उभा असतो. गंमत अशी, की थाप मारली की लोक माना डोलावतात आणि खरं सांगितलं की विचारतात, "पुरावा काय?" म्हणून खरे किस्से आम्ही फारसे सांगत नाही. आज तेवढेच सांगतो.

आम्ही तिघं एकाच जिल्ह्यातले आणि एकाच विनाशिकेवर, म्हणजे डिस्ट्रॉयरवर. मी दत्ता, पुसेगावाकडचा, इंजिनात कामाला. गफार कळमनुरीचा, जहाजाचा स्वयंपाकी. आणि सुदाम राठोड, आमच्या गावाला लागून असलेल्या तांड्यावरचा, डेकवर. बोटीवर कुणी गाव विचारलं की आम्ही तिघंही "हिंगोली" म्हणायचो, आणि समोरचा विचारायचा, "तिथं बीच आहे का?"

*

जहाजाचं खरं नाव भारदस्त होतं, पण आम्ही तिला म्हातारी म्हणायचो. ती माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी होती.

आम्ही नवे असताना आम्हाला गंज काढायला लावलं. सुदामला कामाची भारी हौस. सकाळपासून ब्रश घेऊन एकाच जागी घासून राहिला होता. दुपारी एक जुना पेटी ऑफिसर, म्हणजे नौदलातला हवालदार, तिथून गेला. तो थांबला, वाकून बघितलं आणि घाबराघुबरा झाला.

"अरे बाबा, बस कर! एवढा गंज काढलास तर खाली जहाज निघायचं नाही!"

आम्ही खूप हसलो. तेव्हा हसायला काही लागत नव्हतं.

*

म्हातारी निवृत्त व्हायची तारीख ठरली. निरोपाचा समारंभ ठरला, पताका बांधल्या, गफारनं मोठ्या कढईत गाजराचा हलवा केला. आणि त्याच दिवशी हुकूम आला. आखातात दोन देशांचं युद्ध पेटलं होतं, त्यात जाणारी-येणारी मालवाहू जहाजं भाजून निघत होती. त्यांच्यात आपलीही होती. त्यांना जथ्यानं न्यायचं आणि सोबत पहारा द्यायचा. नवी चकचकीत जहाजं कुठं कवायतीला, कुठं पाहुण्यांना दाखवायला गुंतलेली. मग उरली कोण?

गफार कॅप्टनसाहेबांपुढं जाऊन उभा राहिला. "साब, हलवा बन गया ना!"

साहेब म्हणाले, "वाटून टाक. निरोप तीन महिन्यांनी."

तीन महिन्यांनी पुन्हा पताका, पुन्हा हलवा, पुन्हा हुकूम! असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी गफारनं कढई काढलीच नाही. म्हणाला, "बुढ्ढी को मरने तो देते नहीं ये लोग, मैं काहे को गाजर घिसूँ?"

*

जथ्याचा नियम असा, की सगळ्यांनी सगळ्यात हळू जहाजाच्या वेगानं जायचं. आमच्या मागं एक खताचं जहाज होतं. ते इतकं सावकाश चालायचं, की आमचा तरणा लेफ्टनंट दातओठ खायचा. "याच्यापायी आपण सगळे मरणार," तो एकदा म्हणाला.

सुदाम शेजारी दोर गुंडाळत होता. त्याच्या आज्याच्या बापानं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातलेला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, आमच्या तांड्यात लंगड्या बैलाच्या चालीनं सगळे चालायचे. लंगड्याला मागं सोडला, की उद्या दुसरा लंगडा तुमीच असता."

लेफ्टनंटला राग आला. त्यानं सुदामला दोन तास उन्हात उभं केलं. मी त्याला पाणी द्यायला गेलो, तर हा पठ्ठ्या हसून राहिला होता. "दत्ता, खताचं जहाज बघ की रे. आलं का बराबर?"

*

आता या किश्श्यावर ट्रकवाले विश्वास ठेवत नाहीत, पण आईशपथ खरा आहे.

एका दुपारी म्हातारीचं एक इंजिन बंद पडलं आणि दुसऱ्यानं काळा धूर ओकायला सुरुवात केली. आम्ही खाली घामानं निथळत होतो. त्या इंजिनाचे सुटे भाग ज्या कारखान्यात बनायचे तो कारखानाच बंद झालेला. एक भाग मी पत्र्याच्या डब्यातून कापून बसवला होता. तेवढ्यात वर रेडिओवर निरोप आला. आम्ही ज्यांचा पहारा करत होतो, त्यांतल्याच एका टोलेजंग परदेशी जहाजाचा कप्तान अत्यंत अदबीनं विचारत होता:

"तुमच्या जहाजाला मदत हवी आहे का? आमच्या मागे या, आम्ही सांभाळतो!"

कॅप्टनसाहेबांनी टोपी काढून कपाळ पुसलं. मग म्हणाले, "त्यांना कळवा, आभारी आहोत. आणि त्यांच्याकडे स्पॅनर आहे का, तेही विचारा."

*

जहाजात जाड लोखंडी दारं असतात. एका भागात पाणी शिरलं तर ते दुसऱ्या भागात जाऊ नये म्हणून. इंजिनाकडं जायच्या वाटेवर असंच एक दार होतं, चांगलं दोन-अडीच क्विंटलचं. ते उघडं राहावं म्हणून भिंतीला एक आकडा असतो, तो झिजून गेला होता. मी ते नादुरुस्तीच्या रजिस्टरात लिहिलं. उत्तर आलं, "जहाज निवृत्त होणार असल्याने दुरुस्ती प्रस्तावित नाही." दुसऱ्यांदा लिहिलं, तेच उत्तर. तिसऱ्यांदा लिहिलं, तर उत्तराची तारीख तेवढी बदललेली.

शेवटी सुदामनं ते दार दोरानं बांधलं. गाठ आवळता आवळता म्हणाला, "जहाज निवृत्त व्हायचंय, हे या दाराला कोण सांगल?"

*

पुढचा किस्सा किस्सा नाही. पण तो सांगितल्याशिवाय बाकीचे कळायचे नाहीत.

सकाळचे दहा वाजले असतील. आम्ही पोळ्या खात होतो. ड्रोन येत असल्याचा अलार्म झाला आणि सगळे आपापल्या जागी धावले. इंजिनवाले आम्ही पाच जण त्या वाटेनं खाली निघालो. साहेबांनी जहाज एकदम वळवलं, म्हातारी कलंडली आणि दोर तुटला. सुदामची जागा तिथंच होती. त्यानं दाराला खांदा लावला आणि ओरडला, "चला, चला, निघा!"

एकामागून एक आम्ही निघालो. मग जहाज उलटं वळलं. दार सगळ्या वजनानिशी फिरलं आणि सुदाम दार आणि चौकट यांच्या मध्ये सापडला. तो जागच्या जागी गेला. बोलायला वेळच नव्हता.

ड्रोन पुढं जाऊन पाण्यात पडलं. जथ्यातल्या एकाही जहाजाला खरचटलं नाही. खताचं जहाजही बराबर पोचलं. आम्ही सुदामला चादरीत गुंडाळत होतो, तेव्हा त्या टोलेजंग जहाजाची रेडिओवर तक्रार आली: "तुम्ही इशारा न देता का वळलात?"

त्या पाचांत शेवटचा मी होतो. माझी पाठ पार झाली आणि दार फिरलं. हे गफारला माहीत आहे. सुदामच्या आईला, म्हणजे याडीला, मी कधी सांगितलं नाही. तांड्यावर आईला याडी म्हणतात, मीही तेच म्हणतो. तिच्या घरी गेलो की ती मला आधी जेवायला वाढते. तिच्या हातची भाकर तोंडात असताना ते कसं सांगायचं? मला लाज वाटते. साध्या शब्दांत सांगायचं तर, तो गेला आणि मी राहिलो याची लाज वाटते.

*

सुदामच्या घरी कागद आला. त्यावर लिहिलं होतं: "जहाजाचे दार लागून अपघाती मृत्यू. शत्रूशी संपर्क: नाही."

आमच्या गावात शाळेसमोर एक शिळा आहे. गावातले जे युद्धात कामी आले त्यांची नावं तिच्यावर. पंधरा ऑगस्टला तिथं हार घालतात. याडीला एवढंच हवं होतं, की पोराचं नाव तिथं यावं. दुसरं तिनं कुणाकडं काही मागितलं नाही. मी ग्रामसभेत विषय मांडला.

ग्रामसेवक म्हणाले, "कोणतं युद्ध?"

"आखातातलं."

"आपलं होतं का?"

"दुसऱ्यांचं होतं. पण जहाजं आपली होती, माणूस आपला होता."

"नियमात युद्ध आपलं लागतं."

मागून एक जण म्हणाला, "दार लागून मेलेल्याचं नाव टाकायचं, तर माझ्या आज्याचंबी टाका. त्याला गाडीचं चाक लागलं व्हतं!"

सभा हसली. याडी शेवटच्या रांगेत खाली बसली होती. ती उठली, लुगडं झटकलं आणि हळूहळू चालत घरी गेली. त्या माणसाचा गळा धरावासा वाटला मला. पण धरला नाही. दुसऱ्या दिवशी तोच मला म्हणाला, "दत्ता, मनावर घेऊ नको, हौ?"

*

मग सुरू झाले अर्ज. या ऑफिसातून त्या ऑफिसात. सात वर्षं!

एका फॉर्मवर एक रकाना होता: "घटना घडली त्या जहाजाचा सध्याचा पत्ता." आता काय लिहायचं? म्हातारीला तोवर खरंच निरोप मिळाला होता. तिला तोडून भंगारात काढलं होतं, आणि बरंचसं लोखंड जालन्याच्या सळईच्या कारखान्यांत वितळायला गेल्याचं आमच्या एका जुन्या सोबत्यानं सांगितलं होतं. मी फॉर्म घेऊन गफारकडं गेलो. त्याच्या हॉटेलावर तेव्हा नवा स्लॅब पडत होता. तो सळयांच्या ढिगाकडं बघत म्हणाला, "लिख दे, जालना. वहाँ से जिधर जिधर गई, उधर सबके घर."

मी तसंच लिहिलं: "जालना, आणि तिथून मराठवाड्यात ठिकठिकाणी."

महिन्याभरात फॉर्म परत आला. लाल शाईत शेरा होता: "पत्ता अपूर्ण. पिनकोड नाही."

*

आणि हा या उन्हाळ्यातला.

कुणा भल्या अधिकाऱ्यानं फाइल पुन्हा उघडली. दुसऱ्याचा जीव वाचवताना मृत्यू आला असं सिद्ध झालं, तर शिळेवर नाव टाकता येईल, असं पत्र आलं. त्यासाठी जिल्ह्याच्या ऑफिसातून एक साहेब जबाब घ्यायला थेट तांड्यावर आले. याडीनं ओसरीवर घोंगडी अंथरली. मी होतो, साक्षीला गफार होता. याडीनं साहेबांना पाणी दिलं आणि भिंतीला टेकून बसली.

साहेबांनी फाइल चाळली. "अर्जात सगळीकडं तुम्ही 'सहकाऱ्यांसाठी दार धरले' असं लिहिलंय. हे असं चालत नाही. माणूस लागतो. शेवटचा कोण गेला त्या दारातून? कुणाचा जीव वाचला? त्याचं नाव सांगा, आणि त्याचा जबाब लागेल. नातेवाइकांसमोर."

गफारनं मान खाली घातली. मी याडीकडं न बघता म्हणालो, "माझा."

साहेबांनी चष्मा काढला.

"याडी," मी म्हणालो, "मी सांगणार व्हतो तुला..."

"मला ठावं हाय," याडी म्हणाली. "पयल्या वर्सापासून ठावं हाय."

"कोणी सांगितलं?"

"कोण सांगल? सात वर्सं झाली, तू माझ्या लेकराच्या नावासाठी जोडे झिजवून राहिला. त्यानं दुसऱ्या कोणासाठी दार धरलं असतं, तर तू आला असता व्हय?"

साहेबांचं पेन कागदावर तसंच थांबलं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"मावशी, हे... हेपण लिहू का?"

"लिहा," याडी म्हणाली. "आन खाली ह्याची सही घ्या."