हमिंगवाले मिस्त्री

मिस्त्री घरात आले की आधी पंखा बंद करायला लावायचे आणि मग सगळ्यांना गप्प बसवायचे. रेकॉर्ड न लावताच अ‍ॅम्प्लिफायर सुरू करायचे. काचेचे व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचे आणि डोळे मिटून स्पीकरमधली बारीक ‘हूंऽऽ’ ऐकत राहायचे. या हमिंगचं मूळ शोधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, म्हणून आमच्या गल्लीत ते ‘हमिंगवाले मिस्त्री’.

पक्षाघातानं बाबांची वाचा गेली, ते नव्वदच्या दशकात. शाळामास्तर माणूस; दिवसभर खुर्चीत बसून रेकॉर्डी ऐकायचा. मशीन गुणगुणायला लागलं की कासावीस व्हायचा. मग मी मिस्त्रींच्या गावी, हुपरीला, निरोप धाडायची आणि मिस्त्री रविवारी दहाच्या एसटीनं यायचे.

पहिल्याच खेपेला त्यांनी प्लेयरची पिन अ‍ॅम्प्लिफायरमधून उपसली. आवाज थांबला. “दोष प्लेयरकडचा हाय. अर्थिंगची वायर तुटलीया.” वायर जोडून त्यांनी बाबांना विचारलं, “गुरुजी, गेली का न्हाय गुणगुण?”

“गेली,” मी म्हटलं.

“ताई, मशीन गुरुजींचं हाय. त्यांस्नी सांगू दे की.”

आणि ते थांबले. बाबांनी डावा हात सावकाश वर केला, तेव्हाच त्यांनी स्क्रू आवळले. आजारपणानंतर घरी येणारा प्रत्येकजण बाबांबद्दल माझ्याशी बोलायचा. बाबांशी बोलणारे मिस्त्री एकटेच.

अशी दहाबारा वर्षं गेली. एका रविवारी त्यांनी कंडेन्सर बदलला, डोळे मिटले आणि म्हणाले, “गेली बघा.”

गेली नव्हती. मला ती स्वयंपाकघरात ऐकू येत होती. मी बोलणार, तोच बाबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि हात वर केला.

मिस्त्रींचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे गेलं. त्यांनी स्पीकरच्या लाकडावर तळवा टेकवला. लाकूड गुणगुणीनं थरथरत होतं.

“गुरुजी, तुमी बी माझ्यासाठी खोटं बोलायला लागलासा व्हय?”

त्यांनी हत्यारं पिशवीत भरली. चहा न घेताच ते गेले. पुढे दोनदा निरोप धाडला, ते आले नाहीत.

वर्षभरानं ते वारल्याचं हुपरीच्या एका बाईकडून कळलं. बाबांना सांगायचं मला धाडस झालं नाही. दुसरा मिस्त्री बोलावू का, म्हटलं तर ते मान फिरवायचे. शेवटची दोन वर्षं त्यांनी त्या घरघरीतच गाणी ऐकली. रविवारी दहा वाजले की मात्र हातानं खुणावून खुर्ची दाराकडे वळवायला लावायचे.

मी वळवून द्यायची.